राजांगणातून घेतलेला छेद: फोंडा तालुक्यातल्या एका कौलारू घराचे नूतनीकरण

घर फोंडा तालुक्यातले. पुढे तुळशीवृंदावन, मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या पोटातला उघडा चौक, त्याच्याभोवती छपराखालची चौकी, मागे परस आणि त्याच्या पलीकडे उतारावर कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. बाहेरून बाहेर माप साडेचौदा मीटर रुंद आणि सोळा मीटर खोल. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या, ४५० मिमी जाड. छप्पर मंगळुरी कौलांचे, उतार ३० अंश. घरात कायम राहणारी माणसे पाच, त्यांतली आई ७८ वर्षांची. चतुर्थीला मात्र बावीस. मागणी अशी, की जुने घर ठेवायचे, पण मागच्या बाजूला आधुनिक स्वयंपाकघर, तीन बाथरूम आणि वर दोन खोल्या हव्यात. एखाद्या घराची ओळख पटू नये म्हणून सारख्या स्वरूपाच्या कामांतले तपशील इथे एकाच घरात बसवले आहेत. मापे आणि क्रम मात्र बांधकामाच्या हिशेबाला धरून आहेत.

घरमालक प्लॅन बघतो. खोली केवढी, दार कुठे, ओटा कुठल्या भिंतीला, हे प्लॅनमध्ये दिसते आणि समजते. सेक्शन किंवा छेद, म्हणजे घर उभे कापून दाखवणारा नकाशा, बहुतेक लोक उलटून पुढे जातात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाणी प्लॅनमध्ये वाहत नाही, सेक्शनमध्ये वाहते. या कामात जे साधले ते सेक्शनमध्ये आधी दिसले होते आणि जे फसले तेही तिथे दिसायला हवे होते.

पहिली भेट जुलैत

आर्किटेक्टची नेमणूक जूनमध्ये झाली आणि तिने पहिली मोजणी मुद्दाम जुलैच्या भर पावसात ठेवली. कुटुंबाला हे विचित्र वाटले. पाऊस ओसरल्यावर या म्हणाले. पण जानेवारीत मोजलेले कौलारू घर म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी.

दोन तासांत जे कळले ते असे. राजांगणाच्या चारही बाजूंच्या पागोळ्या सारख्या पडत नव्हत्या. उत्तरेकडची पागोळी चौकीच्या कडेवर पडून उडत होती, कारण तिथली वळचण पूर्वी कधीतरी दुरुस्तीत आखूड झाली होती. राजांगणाच्या मोरीपाशी पाणी दीडेक मिनिट तुंबायचे, मग एकदम ओसरायचे, म्हणजे खालची दगडी मोरी पूर्ण बंद नव्हती, अर्धवट भरली होती. चौकीच्या उत्तर भिंतीवर ओल जमिनीपासून १.१ मीटर उंचीपर्यंत चढलेली होती. तिच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली.

त्याच दिवशी लेझर लेव्हलने सगळ्या जमिनींच्या उंच्या घेतल्या. चौकीची जमीन शून्य धरली. राजांगण ३०० मिमी खाली, पुढचे अंगण ६०० खाली, मागचे परस ७५० खाली. हे चार आकडे पुढे दोन वर्षे प्रत्येक नकाशावर राहिले.

घराबद्दल काय हवे हे विचारताना आर्किटेक्टने खोल्यांची यादी मागितली नाही. आठवडाभर कोण किती वाजता कुठे असतो ते लिहून द्या, म्हणाली, आणि चतुर्थीच्या पाच दिवसांचे वेगळे. मोबाइलवर जमवलेले पन्नास फोटो बाजूला राहिले आणि या दोन कागदांवरून घर ठरले. रोज पाच माणसांना तीन बाथरूम पुरतात. बावीस माणसांना नहाणी नव्हे, शौचालय कमी पडते, म्हणून परसात बाहेरून दार असलेले एक जादा शौचालय धरले. सेप्टिक टाकी वीस माणसांच्या हिशेबाने, आतून २.३ मीटर लांब, १.१ रुंद, पाण्याची खोली १.३. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर लांब आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. पावसात विहिरीचे पाणी वर येते तेव्हा खोल शोषखड्डा उलटा भरतो, म्हणून तो खोल न खणता उथळ आणि लांब चरासारखा ठेवला.

सह्या आणि परवाने

जमिनीचा फॉर्म एक व चौदा, म्हणजे मालकीच्या नोंदीचा उतारा, वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत. तीन भाऊ आणि एक बहीण. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात लग्नानंतर दोघांचीही मालमत्ता, वारशाने आलेलीसुद्धा, सर्वसाधारणपणे नवराबायकोची समाईक असते. त्यामुळे आईखेरीज चार भावंडे आणि त्यांचे चार जोडीदार अशा आठ सह्या लागल्या. मुंबईतल्या सुनेची सही यायला सात आठवडे गेले. वाद काही नव्हता, कागद हिंडत राहिला. ज्यांचे वारसाहक्काचे दस्त झालेले नाहीत त्यांनी आर्किटेक्ट शोधण्याआधी वकील आणि नोटरी गाठलेले बरे. नकाशा वाट बघू शकतो, फी भरून झाल्यावर मालक बघू शकत नाही.

पुढचा क्रम नेहमीचा: प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जमीन वसाहत विभागात आहे याची खात्री, २०१० च्या इमारत बांधकाम नियमांनुसार नकाशे, नगर आणि ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, प्राथमिक आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. जुन्या भागाची दुरुस्ती आणि मागची नवी वाढ एकाच अर्जात दाखवली. नुसत्या दुरुस्तीच्या परवान्यावर मागे दोन मजले चढवण्याचा सल्ला देणारे गावात भेटतातच. घर पूर्ण झाल्यावर राहण्याचा दाखला अडतो तेव्हा ते भेटत नाहीत.

परवाना मार्चच्या मध्याला हातात आला. धाकट्या भावाचा आग्रह होता की लगेच कौले उतरवू, अजून अडीच महिने आहेत. आर्किटेक्टने नकार दिला. जुन्या छपरात किती लाकूड बदलावे लागेल हे कौले उतरल्याशिवाय कळत नाही आणि मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत डोके उघडे असताना एक जोरदार सर आली तरी आतली माती धुऊन जाते. म्हणून मे अखेरपर्यंत मागच्या वाढीचा पाया आणि जोते तेवढे करायचे, लाकूड विकत घेऊन पावसाळाभर आडोशाला सुकवायचे आणि छप्पर दिवाळीनंतर उघडायचे, असे ठरले.

करारात काय होते

वास्तुविशारद कायदा १९७२ प्रमाणे नोंदणी असलेल्यानेच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचे असते. नोंदणी क्रमांक करारावर होता. फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत, नव्या भागाला साडेसात आणि जुन्या भागाला दहा, वर १८ टक्के जीएसटी. जुन्या भागाला जास्त का, यावर घासाघीस झाली. उत्तर सरळ आहे: नव्या भागात नकाशावर एक खिडकी काढली की तिच्यासारख्या सहा होतात, जुन्या घरात प्रत्येक खिडकीचे माप वेगळे असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगळी.

भेटी किती, यावर करार बहुधा मोघम असतो आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. इथे २४ भेटी लिहिल्या आणि त्यांतल्या नऊ ‘थांबा’ म्हणून ठरवल्या: पायाच्या आखणीनंतर, पायाचे काँक्रीट ओतण्याआधी, जोत्याखालचे पाइप झाकण्याआधी, प्रत्येक स्लॅबआधी, कौले चढवण्याआधी, असे. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर पाहून सही करेपर्यंत काम थांबणार. नकाशांच्या यादीत प्लॅन तीन आणि सेक्शन पाच होते: राजांगणातून उभा आणि आडवा, जुने-नवे जिथे भिडते तिथला, बाथरूममधून आणि जिन्यातून. शिवाय पन्हळ, उंबरा आणि वळचण यांचे दहास एक प्रमाणातले तपशील. आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत विचारण्याजोगा प्रश्न हाच, की सेक्शन किती देणार आणि कुठून घेणार.

तीस मिलिमीटर

राजांगणाची जुनी दगडी मोरी मागच्या खोलीखालून परसात जात होती. नव्या वाढीचे जोते नेमके तिच्यावर येणार होते. प्लॅनमध्ये एक तुटक निळी रेघ एका काळ्या रेघेला ओलांडत होती, एवढेच. कुणाला काही वाटले नाही.

सेक्शन काढला तेव्हा आकडे समोर आले. मोरीऐवजी १६० मिमीचे दोन पाइप टाकायचे होते. राजांगणातल्या चेंबरमध्ये पाइपचा तळ चौकीच्या शून्यापासून ४८० मिमी खाली. शंभरास एक उताराने सहा मीटर गेल्यावर तळ ५४० खाली, म्हणजे पाइपचा माथा ३८० खाली. नव्या प्लिंथ बीमचा, म्हणजे जोत्यातल्या आडव्या काँक्रीटच्या तुळईचा, तळ होता ४१० खाली. पाइप बीममध्ये तीस मिमी घुसत होता आणि तोही तळाशी, जिथे मुख्य सळया असतात. साइटवर हे कळले असते तर मिस्त्रीने दोनांपैकी एक केले असते: बीमचा तळ फोडला असता, नाहीतर पाइपचा उतार मारला असता. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. पहिल्या पावसात पाने साचतात आणि पाणी राजांगणातून चौकीत येते.

उपाय कागदावर दहा मिनिटांत झाला. चेंबर ७० मिमी खोल केले. पाइपचा माथा बीमखाली ४५० वर आला, मध्ये ४० मिमी वाळू. परसाची जमीन ७५० खाली असल्यामुळे पाइप बाहेर पडताना अजून ९० मिमी उंचावर राहिला आणि पाणी उघड्या चरात मोकळे पडू लागले. राजांगण आणि आत उतरणारी छपरे मिळून ७५ चौरस मीटर. तासाला १०० मिमीची सर धरली तर साडेसात हजार लिटर, म्हणजे सेकंदाला दोन लिटर. एवढ्याला ११०चा एक पाइपही पुरतो. १६०चे दोन घेतले ते पाण्यासाठी नव्हे, आंब्याच्या पानांसाठी आणि हात घालून साफ करता यावे म्हणून.

राजांगणावर काच किंवा पॉलिकार्बोनेट टाकून ते ‘हॉल’ करायचे, ही थोरल्या भावाची इच्छा होती. आजकाल प्रत्येक दुसऱ्या घरात ती असते. सेक्शनमध्ये हवेचे बाण काढून दाखवल्यावर ती मागे पडली. चौकीतली गरम हवा वर चढून राजांगणातून निघून जाते. तोंड बंद केले की ती कौलांखाली अडकते आणि मग वातानुकूलन लागते. झाकायचेच असेल तर आच्छादन वळचणीच्या वर किमान अर्धा मीटर उचलून चारही बाजू उघड्या ठेवाव्या लागतात, आणि मग वाऱ्याबरोबर पाऊस आत येतोच. शेवटी राजांगण उघडेच ठेवले, चोर आणि माकडांसाठी वर लोखंडी जाळी, डासांसाठी चौकीच्या बाजूने सरकत्या जाळीच्या चौकटी. उत्तरेची वळचण ४५० वरून ७५० मिमी केली. पागोळी आता चौकीची कड सोडून पडते.

माटोळी कशाला बांधणार

चौकीला जिप्समचे फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे. पहिला आराखडा असा होता आणि देखणा होता. बैठकीत सगळ्यांना आवडला. मधली सून शेवटी म्हणाली, “आणि माटोळी कशाला बांधणार?”

गणपतीवर टांगायची ती लाकडी चौकट आणि तिच्यावर नारळांचे घोस, केळीचे घड, सुपारीचे कात्रे, रानातली फळे असे सगळे वजन जुन्या तुळयांच्या कड्यांवर येत असे. जिप्समच्या पत्र्याआड त्या तुळया बंद होणार होत्या. आर्किटेक्टने सीलिंग काढून टाकले. जुन्या दोन तुळया तपासल्या, एकीचे भिंतीतले टोक कुजलेले निघाले, ते बदलले. सहा कडी तुळयांतून आरपार बोल्टने बसवली आणि १५० किलो वाळूची पोती टांगून एक दिवस ठेवली. तुळई जेमतेम दोन मिमी वाकली आणि पोती उतरवल्यावर परत आली. दिवे तुळयांच्या बाजूने उघड्या पितळी नळीतून नेले. आपल्या घरांत वर्षातून पाच दिवसांचा वापर हा अपवाद नसतो, घर त्याच्यासाठीच बांधलेले असते. नकाशा काढणारीला मात्र ते सांगावे लागते.

छप्पर

नोव्हेंबरमध्ये कौले उतरली. वासे एकूण १६०. खालून पाहून ४८ बदलावे लागतील असा अंदाज होता, निघाले ७४. चूक अंदाजाच्या पद्धतीत होती. वासा मधे कुजत नाही. भिंतीत शिरतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला कुजतो, आणि ती दोन्ही टोके खालून दिसत नाहीत. पावसाळ्यातच वळचणीची एक ओळ कौले काढून प्रत्येक टोकात टोच्या खुपसून पाहिला असता तर आकडा जवळ आला असता. एका वाशाला सव्वा घनफूट लाकूड, २६ वासे जास्त म्हणजे बत्तीसेक घनफूट. भांडण झाले नाही, कारण अंदाजपत्रकात किंदळाच्या लाकडाचा घनफुटाचा दर नुसता दर म्हणून आधीच लिहून घेतला होता. जुन्या भागासाठी आकस्मिक खर्च दहा टक्के धरण्याची पद्धत आहे. ती नव्या बांधकामाची. जुन्या छपराला वीस धरावेत.

कौले चौरस मीटरला १५ लागतात. सगळ्या उतारांना मिळून सुमारे ४,३०० हवी होती, जुनी धड २,६०० निघाली. नवी १,८५० आणली, फुटतूट धरून. इथे एक खोच आहे. कौलांचा साचा कारखान्यागणिक थोडा वेगळा असतो. जुन्या कौलाची खाच नव्यात नीट बसत नाही आणि त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. म्हणून जुनी आणि नवी एकाच उतारावर मिसळली नाहीत. जुनी पुढे आणि राजांगणाकडे, नवी मागे आणि बाजूंना. रिपांचे, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे, अंतर प्रत्येक उतारावर त्या-त्या कौलाची दहा कौले जुळवून, मोजून ठरवले.

नव्या वाढीवर ‘मॉडर्न’ दिसावे म्हणून उतार २२ अंश करावा, अशी एक सूचना आली होती. इतक्या चपट्या उतारावर वारा पाणी उलटे वर ढकलतो आणि कौलाच्या सांध्यातून आत घालतो. नव्या वाढीला त्यापेक्षा सरळ सपाट स्लॅब दिला, जाडजूड वॉटरप्रूफिंग आणि शंभरास एक उतार. कौलारू व्हायचे तर पूर्ण व्हावे.

पाय मावेल एवढी पन्हळ

जुन्या घराचा मागचा उतार जिथे नव्या दोन मजली भिंतीला भिडतो, ती या घराची सगळ्यात नाजूक जागा. अकरा मीटर लांबी. आर्किटेक्टचा पहिला प्रस्ताव होता की दोन्हींमध्ये मीटरभर मोकळी गल्ली सोडून फक्त एका बसक्या स्लॅबच्या वाटेने जोडावे, म्हणजे जुनी पागोळी पूर्वीसारखी जमिनीवर पडेल. अकरा चौरस मीटर जागा फुकट जाते म्हणून तो नाकारला गेला. मग पन्हळ आली: ४५० मिमी रुंद, ३०४ दर्जाच्या स्टेनलेस पत्र्याची, मध्यभागी उंच आणि दोन्ही टोकांकडे शंभरास एक उतार. मागचा उतार ५० चौरस मीटर आणि वरच्या भिंतीवर आपटून येणारे पाणी मिळून मोठ्या सरीत सेकंदाला दोन लिटरच्या आत. त्याला २०० मिमी रुंदी पुरली असती. ४५० ठेवली कारण साफ करणाऱ्या माणसाचा पाय त्यात मावला पाहिजे; नाहीतर तो कौलांवर पाय देतो, कौल तडकते आणि गळती पन्हळीच्या नावावर जाते.

नकाशात ४५० होती. प्रत्यक्षात झाली २७०.

आदल्या वर्षी एप्रिलमध्ये पायाचे खड्डे खणताना एका ओळीत जुन्या मोरीचे दगडी काम लागले. मिस्त्रीने ते न फोडता कॉलमची सगळी ओळ जुन्या घराकडे १८० मिमी सरकवली. त्याच्या दृष्टीने शहाणपणाच होता, ओळ सरळ राहिली. काँक्रीट ओतण्याआधीच्या ‘थांब्या’ला इंजिनिअर आला, सळया मोजल्या, सही केली. जुन्या भिंतीपासूनचे अंतर मोजणे हे त्याच्या यादीत नव्हते. आर्किटेक्ट त्या दिवशी आली नाही; आखणीचा ‘थांबा’ आठवड्यापूर्वी झाला होता आणि तेव्हा आखणीचा चुना बरोबर जागी पडला होता. नोव्हेंबरनंतर भिंत वर गेली, गिलावा झाला, आणि मे महिन्यात पन्हळीचे तयार तुकडे साइटवर आले तेव्हा ते बसेनात. काँट्रॅक्टरने पत्रा दुमडून अरुंद करून बसवला आणि कुणाला कळवले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हळीत आंब्याची पाने साचली. पाणी नव्या भिंतीकडे न जाता कौलांखालून मागे वळले आणि जुन्या भिंतीच्या डोक्यावर उतरले. मागच्या खोलीत मातकट पाण्याचे ओघळ दिसले. मातकट हा शब्द महत्त्वाचा. स्वच्छ पाणी गळते तेव्हा कौल बघायचे. मातकट पाणी आले की भिंतीतली माती सुटू लागली आहे, त्याच दिवशी ताडपत्री टाकायची.

दुरुस्ती पावसाने चार दिवस उघडीप दिली तेव्हा झाली. कौलांची शेवटची ओळ काढली, वाशांची टोके १८० मिमी कापून वळचण मागे घेतली, टोकांना वाळवीप्रतिबंधक तेल लावले, पन्हळ पुन्हा ४५० ची केली. वळचण आखूड झाली तरी चालले, कारण खाली आता पन्हळ आहे. पत्र्याची नव्या भिंतीकडची कड १५० मिमी वर चढवून गिलाव्यात खाच मारून दाबली. दोन्ही टोकांना १६०चा पाइप, आणि टोकाची कड आतल्या कडेपेक्षा ४० मिमी खाली, म्हणजे तुंबलेच तर पाणी घराबाहेर सांडते. खर्च काँट्रॅक्टर आणि मालक यांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला. आर्किटेक्टने दोन जादा भेटींचे पैसे घेतले नाहीत. ‘थांब्या’च्या यादीत प्रत्येक वेळी मोजायची अंतरे लिहिलेली नव्हती, ही त्रुटी तिची होती. आता लिहिलेली असतात: प्रत्येक थांब्याला तीन अंतरे आणि दोन उंच्या, मोजणाऱ्याच्या सहीसह.

नव्या सांगाड्याने जुन्या भिंतीला कुठेही चिकटायचे नाही, हे मात्र सगळ्यांनी नीट पाळले. जुने आणि नवे वेगवेगळ्या गतीने बसतात. सांधले तर भेग ठरलेली. दरवाजापाशी जुन्या-नव्यात ५० मिमी फट आहे, वर लाकडी पट्टी, एका बाजूलाच ठोकलेली.

भिंत कापणे, भिंत सुकवणे

चौकी आणि स्वयंपाकघर यांमध्ये २.४ मीटरचे उघडे हवे होते. भार वाहणारी ४५० मिमीची भिंत. वरच्या वाशांना आधी टेकू दिले. मग भिंतीच्या जाडीचा अर्धाच भाग कापून तिथे तयार आरसीसी लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी काँक्रीटची तुळई, सरकवला, दोन्ही बाजूंना ३०० मिमी टेकण. टेकणीच्या चिऱ्यांवर काँक्रीटची उशी, कारण मातीतला चिरा एका ठिकाणी आलेला भार सोसत नाही. आठ दिवसांनी उरलेला अर्धा. एका दिवसात सगळे कापून देतो म्हणणारा गवंडी भेटतो. त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

मजल्यांच्या जाड्यांकडे उशिरा लक्ष गेले. जुना लाल कोबा ठेवला होता, नव्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइट. लादी उशिरा निवडल्यामुळे उघड्यापाशी १८ मिमीचा उंबरठा झाला असता. आईच्या पायांना तेवढाच पुरेसा. ग्रॅनाइटखालचा थर खरवडून समपातळी केली. बाथरूमच्या स्लॅबवर ४८ तास पाणी भरून ठेवले, बाथरूमच्या विजेच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचे, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे गळतीरोधक. यात विशेष काही घडले नाही.

उत्तर भिंतीच्या ओलीचे कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत होते. तेव्हा ओल दिसली म्हणून खालच्या मीटरभर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग लावला होता. चिरा जमिनीतले पाणी शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर सोडतो. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, पाणी वर चढत गेले आणि जिथे वाट मिळाली तिथे मीठ फुटून रंगाच्या पापुद्र्या सुटल्या. डिसेंबरमध्ये सगळे सिमेंट हलक्या छिन्नीने काढले, चिरे उघडे ठेवले, दर आठवड्याला मीठ कोरड्या ब्रशने झाडले. ओल्या फडक्याने पुसले की मीठ परत आत जाते. फेब्रुवारीअखेर चुन्याचा गिलावा. कळीचा चुना पंधरा दिवस हौदात विरवलेला, पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुर्की (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. दहा मिमीचे दोन थर, मध्ये आठवडा, रोज दोनदा हलके शिंपण. वर फक्त चुन्याचा हात.

रंगाचा आग्रह अजून चालू आहे. जाड भिंत आतून सुकायला एक-दोन उन्हाळे लागतात, तोवर डबा उघडायचा नाही, असे आर्किटेक्टने लिहूनच दिले आहे. पेन्सिलीची पहिली रेघ गिलाव्याबरोबर गेली होती, पण उंची नोंदलेली होती, ती पुन्हा त्याच जागी मारली. दोन वर्षांनी जुलैत ओलीची कड १.१ मीटरवरून ७० सेंटिमीटरवर आली. तिथे दुसरी रेघ आहे, शेजारी तारीख. तिसरीसाठी पेन्सिल देवघराच्या कोनाड्यात ठेवलेली असते.